खाटकाच्या दुकानात नांदूरकर सर

नांदूरकर सर केळं सोलत नसत, उघडत असत. केळं ताटलीत उताणं ठेवायचं, देठापासून शेंड्यापर्यंत अंगठ्याच्या नखानं एकच सरळ रेघ ओढायची आणि साल दोन्ही बाजूंना हळूच फाकवायची. आत गर जसाच्या तसा, एक ओरखडा नाही. मग एखादा सुटलेला दोरा चिमटीत धरून ते उजेडात बघत, आणि त्यानंतरच खात. बऱ्हाणपुरात केळ्यांना तोटा नाही, त्यामुळे हा प्रयोग आम्हाला दिवसातून दोनदा बघायला मिळे. आईच्या भरल्या वांग्याचीही तीच गत होई.

सर आमच्याच माडीवरच्या खोलीत राहत आणि आमच्याकडेच जेवत. मूळचे अमरावतीचे, एकटा जीव. माझ्या शाळेत ते जीवशास्त्र शिकवत, म्हणजे खरं तर बेडूक शिकवत. बाकीचं पुस्तक ते महिन्याभरात उरकून टाकत आणि उरलेलं वर्ष बेडकाला देत. जवळच्या फोपनार गावच्या केळीच्या पाटांतून बेडूक पकडून आणायचे हे काम आमचं. टाचण्या नेहमी कमी पडत, म्हणून मेणाच्या ट्रेमध्ये बेडकाचे पाय बाभळीच्या काट्यांनी रोवायचे. कुणी नुसता बघत उभा राहिला की सर कात्री नेमकी त्याच्याच हातात देत. "बघून पोहता येते का बाबू?"

आणि कात्री चालू झाली की त्यांचं दुसरं वाक्य सुरू होई. "धक्का नको. आपण पाहुणे आहोत. पाहुण्यानं घरातलं सामान हलवू नये."

सरांचा आणखी एक हट्ट होता. पुस्तकातला शब्द ते शेवटी सांगत. आधी काळीज म्हणायचं, मग यकृत. "जो शब्द पोराच्या घरात नाही, तो त्याच्या डोक्यात कसा शिरंल?" असं ते हेडमास्तरांनाही ऐकवत.

मग राज्यांची नवी वाटणी झाली. आम्ही होतो तिथंच राहिलो आणि नागपूर-अमरावती पलीकडच्या राज्यात गेले. आमची राजधानी भोपाळ झाली. कुठं नोकरी करायची ते लिहून द्या, असं मास्तर लोकांना सांगण्यात आलं. मराठी मास्तरांपैकी बहुतेकांनी 'तिकडे' लिहिलं. नांदूरकर सरांनी 'इकडे' लिहिलं.

वडील कोर्टात कारकून होते, त्यांना हा अव्यवहार बघवेना. "सख्खा भाऊ अमरावतीला, घर अमरावतीला. इथं तुमचं कोण आहे नांदूरकर?"

"वहिनींची वांगी आहेत," सर म्हणाले आणि पाटावरून उठले.

इकडे राहायचं तर हिंदीत शिकवावं लागणार होतं. दिवाळीनंतर इन्स्पेक्टर साहेब येऊन पाठ बघणार, तो पसंत पडला नाही तर सरांना इथं ठेवणार नाहीत, असं हेडमास्तरांनी स्पष्ट सांगितलं. आमचा मराठी वर्ग आणि हिंदी वर्ग एकत्र बसवला गेला. सरांचा पहिला हिंदी पाठ मला आजही तोंडपाठ आहे.

"मेंढक को पाठ पे निजाव. अब उसका पोट खोलो, पन आतडे को धक्का नको. हां. अब बताव, इसका काळीज किधर है?"

अर्धा वर्ग हसत होता आणि अर्धा खरोखरच काळीज म्हणजे काय याचा विचार करत होता. शेवटी विणकराचा हनीफ उठला. "सर, कलेजी बोलिए. कसाई की दुकान पे लटकती है."

दुसरा मास्तर असता तर त्यानं हनीफला कोपऱ्यात उभं केलं असतं. सरांनी 'कलेजी' फळ्यावर लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या आणि त्याच संध्याकाळी वही घेऊन शनवारा वेशीपलीकडे यासीन खाटकाच्या दुकानात जाऊन उभे राहिले.

अंडं दिसलं तरी तोंड फिरवणारा हा माणूस. गावात बोभाटा व्हायला दोन दिवससुद्धा लागले नाहीत.

"काय करून राहिले ते तिथं?" आईनं मला विचारलं. वडिलांनी मला पाळतीवर पाठवलं. मी बघून आलो. सर नाकाला रुमाल लावून उभे होते. यासीनभाई एकेक वस्तू वर उचलत होते. "ये गुर्दा. ये फेफड़ा. ये ओझड़ी, मास्टरसाब, इसमें चारा जाता है." सर एका हातानं लिहीत होते.

"विकत काही घेत नाहीत," मी घरी सांगितलं. "नुसतं लिहून घेतात."

"लिहून घेतात?" आई मटकन खाली बसली. "म्हणजे कृती?"

वडिलांनी खोली खाली करायला सांगायचं ठरवलं आणि ते माडीवर गेले. सरांनी वही पुढं केली. पानावर तीन रकाने होते. मराठी शब्द, हिंदी पुस्तकातला शब्द आणि यासीनभाईंचा शब्द. वडिलांनी सगळी पानं वाचली. "अक्षर चांगलं आहे," म्हणाले आणि खाली आले. आईनं मात्र तिकडून आल्यावर विहिरीवर हातपाय धुतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही, अशी अट घातली. सरांनी ती पाळली.

इन्स्पेक्टर साहेब आले. त्यांची हिंदी इतकी शुद्ध होती, की आमच्या हेडमास्तरांनाही अर्धी कळेना. सर घामाघूम झाले होते. त्यांनी बेडूक उघडला नाही, हनीफला उघडायला लावला.

"ये क्या है?" सरांनी विचारलं.

"कलेजी, सर. किताब में यकृत."

"ये लाल मणी?"

"तिल्ली, सर. किताब में प्लीहा." हा शब्दही हनीफनंच पूर्वी एकदा वर्गात सांगितला होता आणि सरांनी तो फळ्यावर लिहिला होता.

साहेबांच्या कपाळाला आठ्या पडल्या. मग ते ट्रेजवळ आले, वाकले, आणि बराच वेळ बघून हळूच म्हणाले, "और गुर्दा किधर है?" तेव्हाच आम्ही ओळखलं, सर राहिले.

एवढं झाल्यावर खाटकाच्या दुकानाची यात्रा संपायला हवी होती. पण सर रोज संध्याकाळी वही घेऊन निघतच. "आता काय राहिलं हो?" आईनं एकदा विचारलंच. "एक शब्द राहिलाय वहिनी," म्हणाले.

पुढं एकदा सर तापानं पडले. संध्याकाळी मला म्हणाले, "यासीनभाईंना सांगून ये, आज जमत नाही. वाट बघत असतील."

दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. ठोकळ्यापासून दूर, दाराशी एक स्टूल पुसून ठेवलेलं होतं. मी निरोप सांगितला. यासीनभाईंनी ताप किती आहे, दवा घेतली का, दोन-दोनदा विचारलं. मग आवाज खाली आणून म्हणाले, "बेटा, उनको बोलना मत. एक लफ्ज़ मैंने रोक के रक्खा है. तिल्ली. रोज पूछते हैं, मैं रोज बोलता हूं, कल बताऊंगा. बता दिया तो फिर काहे को आएंगे? मेरा भाई कराची चला गया. तब से शाम को इधर बैठने वाला कोई नहीं था."

मी मान हलवली; तिल्ली सरांच्या फळ्यावर केव्हाच येऊन गेली होती, हे त्यांना सांगितलं नाही. वाटेनं मला सरांची फार माया आली आणि आमची लाज वाटली. इतकी वर्षं आम्ही त्यांच्याबरोबर एका पंक्तीत जेवत होतो, आणि संध्याकाळी हा माणूस कुणाशी बोलत असेल, हे आमच्यापैकी एकाच्याही मनात आलं नव्हतं.

सर कांबळं पांघरून जागेच होते. "काय म्हणाले?"

"वाट बघत होते," मी म्हणालो. "तो शब्द उद्या सांगतो म्हणाले."

"उद्या काय," सर म्हणाले, "बरं." आणि भिंतीकडे वळून शांत झोपले.