केंदूर येथील खरखरीचा मानपान

विश्वाचा अभ्यास करायचा, तर त्यात लुडबूड कोण करतंय हे आधी ठरवावं लागतं.

केंदूरच्या रेडिओ दुर्बिणीसाठी २००४ साली हे काम तळेगाव ढमढेऱ्याच्या गौतमीकडं आलं. ताऱ्यांचे संकेत फार क्षीण. विहिरीवरची मोटार सुरू झाली, की तिची खरखर त्यांना गिळते. गौतमीनं संगणक प्रणाली लिहिली: खरखर ओळखावी, मालकाचं नाव नोंदवावं, मग ती विदेतून कायमची पुसावी. (विदा म्हणजे डेटा. पुसल्यावर दोन्ही सारखेच.)

मालकांची नावं ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लागली. त्यानंतरचा लोकसहभाग कौतुकास्पद होता.

खरखर १: हौसराव. मोटार, तीन एचपी.
खरखर २: साखरबाई. मिक्सर (माहेरचा).
खरखर ३: संपत. फटफटी. (दखल घेतली जावी म्हणून केंद्राला सात फेऱ्या.)

हौसरावांनी पेढे वाटले.

माजी चेअरमन आनंदरावांचं नाव मात्र फळ्यावर नाही! त्यांची मोटार नवी, महागडी, बिनखरखरीची. गावात तोंड दाखवायची सोय राहिली नाही.

नेमका तेव्हा एक संकेत बेवारस सापडला. ठोके अगदी नियमित. गौतमी केंद्रात नाचली. तो नवा तारा होता, तिचा पहिला. पण पद्धतीप्रमाणे ग्रामसभेत विचारणं भाग होतं: हे कुणाचं आहे का?

"आमचंच हाय," आनंदराव म्हणाले.

"आबा, लाईट नसताना पण चालतंय ते," गौतमी म्हणाली.

"मग? आमच्याकडं जनरेटर हाय."

"रोज चार मिनिटं आधी उगवतंय, आबा. तारंच असं करत्यात."

"आमचा गडी लवकर उठतोय."

सभा पोट धरून हसली.

"आबा, एकदा पुसलं की कायमचं गेलं. माझा पहिला तारा हाय तो."

"व्हय गं पोरी. पर आधी फळ्यावर नाव लाव."

दुर्बिणीची जमीन आनंदरावांची. केंद्रप्रमुखांनी शास्त्रीय दृष्टिकोन ठेवून पुसायचं बटण दाबलं. आकाशाचा तेवढा तुकडा आता तालुक्यात सर्वांत स्वच्छ आहे.

गौतमीनं सभेचं इतिवृत्त मागवलं. विरोधात: एक. बाजूनं: हात मोजले नव्हते. अशा वेळी जे हसले ते बाजूनं, अशी इथली रीत आहे.

गडी लवकर उठतो, तिथं तुम्ही हसलात ना?

मग सही करून जा.