खाजा मिया नालबंद यांच्या टाचेवरील मोहिमेची हकीकत

"बाई, काटा मोडतो पायात, मग गाठ जांघेत काहून येते?"

ऐसा सवाल फसली सन तेराशे चौपन्न, मार्गशीर्ष मासी, बुधवारी दुसऱ्या प्रहरी, हिंगोली कसब्यातील मुलींच्या शाळेत, इयत्ता सहावीच्या भर दरबारात जाहला. मोठ्यांच्या लढाया मोठ्यांनी लिहिल्या, आणि ज्यांत हत्ती पडले त्या सर्वांस ठाऊक आहेत. परंतु ज्या लढाईत शत्रू तिळाएवढा, रणांगण वीतभर आणि घायाळ होणार तो आपला बाप, ती कोणी लिहून ठेवीत नाही, म्हणोन पुढील पिढ्यांस दाखला राहावा याकरिता हा मजकूर बयाजवार, म्हणजे तपशिलासह, लिहिला असे.

सवाल करणार अजरा बेगमसाहेबा, उमर वर्षे पंधरा, खाजा मिया नालबंद यांची थोरली कन्या, मुक्काम बैलबाजाराजवळ. मागल्या बाकावरील सरदारीण नीला व सरदारीण मेहरून यांनी पैज लाविली होती की, जांघ हा शब्द शिक्षिका द्वारकाबाईंसमोर जी मोठ्याने उच्चारील तिला दहा पिकली बोरे नजर करू. बेगमसाहेबांनी गतसाली वर्गात हजेरीचा "जी" देखील ओढणीच्या आत दिला होता. परंतु यंदा त्यांस कंठ फुटला होता आणि तो फुटल्याचे आळीस कळले होते. सरदारिणींस ही पैज वाटली. बेगमसाहेबांस ती गरज होती. कारण शनिवारापासून अब्बा लंगडत होते, अंगात ताप होता, पोटरीवरून तांबडी रेघ वर चढली होती, आणि जांघेत सुपारीएवढी गाठ आल्याचे अम्मीने शेजारणीस पडद्याआड हळूच सांगितले ते बेगमसाहेबांच्या कानी पडले होते.

सवाल होताच वर्गात खसखस जाहली. द्वारकाबाईंच्या हातचा खडू पडला. मग बाईंनी चष्मा पुसला, आणि दार लोटले, आणि नवा खडू घेऊन फळ्यावर माणसाचा नकाशा काढिला, आणि त्या मुलखाची माहिती दिली ती ऐशी:

छातीच्या सुभ्यात, किंचित डाव्या अंगास, मुठीएवढी राजधानी, नाव हृदय. तीत महाल चार, वर दोन व खाली दोन. देशोदेशीचे थकले काळसर रक्त उजव्या महालांत दाखल होते, आणि तेथून फुफ्फुसांच्या दोन परगण्यांत रवाना होते, आणि तेथे हवेची रसद मिळून लालबुंद होऊन डाव्या महालांत परत येते, आणि मग हुकूम सुटताच धमन्यांच्या हमरस्त्याने डोईपासून टाचेपावेतो चौफेर निघते, आणि ज्याची त्याची रसद पोचवून शिरांच्या वाटेने माघारी फिरते. ऐशी स्वारी मिनिटास बहात्तर वेळा. ना जुम्मा पाहत, ना दिवाळी.

"फुफ्फुसं म्हंजे आमच्या भट्टीच्या भात्यावानी?" बेगमसाहेबांनी विचारले.

"बराबर भात्यावानी. भाता आपणहून फुगतो का? कोणीतरी दांडा ओढावा लागतो. इथं बरगड्या फाकतात, खालचा पडदा खाली सरकतो, म्हणून हवा आत येते."

तदनंतर बाईंनी तिसऱ्या खात्याचा नकाशा काढिला, ज्याची पुस्तकात ओळ एकच होती. रक्त रसद वाटीत फिरते तेव्हा थोडे पाणी वाटेत झिरपते. ते गोळा करून परत आणणाऱ्या खात्याचे नाव लसिका. त्याचे रस्ते केसाएवढे. त्यास ढकलणारे हृदय नाही. माणूस चालतो, पोटऱ्या आवळतात, त्या रेट्याने ते पाणी वर सरकते, आणि गळ्याखाली थोरल्या शिरेत पुन्हा रक्तास मिळते. वाटेत जांघ, काख, मान या नाक्यांवर गाठींच्या चौक्या बसविल्या आहेत. पायातून गनीम शिरला की पहिली चौकी जांघेची. तेथे त्यास अडविले जाते, शिपाई भरती होतात, लढाई जुंपते, आणि चौकी फुगून ठणकते. यासच लोक अवधाण म्हणतात.

"म्हंजे गाठ ही दुश्मन न्हाई?"

"गाठ म्हणजे पहारेकरी. ती हरली तर मात्र विष रक्तात जातं, मग कठीण."

"आन् बाई, चौकीच जाळली तर?"

"चौकी जाळून चोर मरतो का गं?"

हे शब्द कानी पडताच बेगमसाहेबा बाकावरून उठल्या. कारण अब्बांनी त्याच दिवशी तिसऱ्या प्रहरी जांघेच्या गाठीवर तापल्या सळईचा डाग घेण्याचे मुकर्रर केले होते. मग त्यांनी दप्तर तेथेच टाकिले, आणि घंटेची वाट न पाहता, बोरे वसूल न करिता, बैलबाजाराकडे कूच केले.

आता खाजा मियांची बाजू लिहिणे प्राप्त आहे. त्यांचा धंदा बैलांस नाल ठोकण्याचा, आणि त्यासोबत जनावरांस डाग देण्याचा. बैलाचा खांदा सुजला, डाग. गुडघा सुजला, डाग. पोट फुगले, डाग. सेनगावापासून कनेरगाव नाक्यापावेतो त्यांच्या हातच्या डागाची चंद्रकोर अंगावर नसलेला बैल सापडणे मुश्कील. जो इलाज हजार जनावरांस सांगितला तोच आपणास नाकारणे त्यांच्या इमानात बसत नव्हते. परंतु आपल्या जांघेस आपला हात नीट पोचेना, म्हणोन ती कामगिरी उत्तमसिंग नायक यांजकडे आली. नायक तांड्यावरून बैलजोडी नालास घेऊन आले होते आणि दोन दिवस खोळंबले होते.

बेगमसाहेबा पावल्या तेव्हा भाता चालू, सळई लाल, अब्बा बाजेवर आडवे, आणि अम्मी मदीनाबी हळद-तेलाची वाटी घेऊन तोंड फिरवून उभ्या.

"शाळा सोडून काहून आलीस?" अब्बांनी विचारले.

"अब्बा, सळई खाली ठेवायला सांगा. ती गाठ दुश्मन न्हाई. ती चौकी हाय!"

"कशाची चौकी?"

मग बेगमसाहेबांनी एका दमात हृदयाचे चार महाल, धमन्या, शिरा, भाता, पडदा आणि लसिका ऐसे सर्व खाते सादर केले. हा पहिला हल्ला. त्याचा परिणाम काहीएक जाहला नाही.

"बापासमोर जांघेचं बोलून राहिली," अम्मी म्हणाल्या, "लाज कुठं टाकली गं?"

"शाळेत टाकली, अम्मी. सगळ्या पोरींसमोर."

"वीस साल झाले जनावरं बरी करून," अब्बा कण्हत म्हणाले, "आता सहावीतलं लेकरू मला शिकवते."

"पोरी, बाजूला हो," नायक म्हणाले, "सळई थंड होऊन राहिली."

"होऊ द्या, नायकबा!"

परंतु नायकांनी सळई पुन्हा निखाऱ्यात खुपसली. ती तापेपर्यंतची जी मुदत, तितकीच बेगमसाहेबांच्या हाती उरली. शाळेचा दारूगोळा संपला होता. तेव्हा त्यांनी मोर्चा फिरविला, आणि बापाच्याच मुलखातून चालून गेल्या.

"अब्बा, एक सांगा. नायकबांचा बैल लंगडला, खांदा सुजला न्हाई, मार न्हाई. तुमी पहिलं काय पाहता?"

"खूर," अब्बा म्हणाले. हे उत्तर त्यांस झोपेतही आले असते.

"काहून?"

"शंभरातल्या नव्वदांचं खुरातच..." ऐसे बोलून खाजा मिया मध्येच थांबले.

मग त्यांनी मान उचलून आपल्याच पायाकडे पाहिले.

"पण माझ्या पायात काहीच न्हाई," ते म्हणाले. "दुखतच न्हाई तिथं."

"खुरात बैलाला तरी कुठं कळते? तुमीच ठोकून पाहता ना?"

नायक हसले. "खाजाभाई, पोरगी बराबर बोलून राहिली. ठोकू द्या."

मग बेगमसाहेबांनी नाल ठोकण्याची लहान हातोडी उलटी धरिली, आणि अब्बा खुरास दांडा लावितात त्या रीतीने टाचेवर दांडा लाविला. भट्टीपुढे वीस वर्षे अनवाणी उभी राहिलेली ती टाच, तिची कातडी खुराहून पातळ म्हणता न ये. पहिला ठोका, काही नाही. दुसरा, तिसरा, काही नाही. अम्मींनी निःश्वास टाकिला. चौथा ठोका बाहेरच्या कडेस पडला, आणि खाजा मिया नालबंद यांनी जी आरोळी दिली ती ऐकून नायकांची जोडी दावे तोडून बाजारात पळाली.

ऐसा शत्रूचा ठाव लागला. नायकांनी प्रथम बैल आणिले, मग बैल पाडण्याचा दोर आणिला, आणि रीतीप्रमाणे खाजा मियांचे पाय बांधिले. खाजा मियांनी दोराची गाठ ढिली असल्याची तक्रार करून ती नीट घालून घेतली. खूर कोरण्याची सुरी बेगमसाहेबांनी पाण्यात चांगली उकळविली, यावर अम्मींनी चहाचे एकुलते पातेले गेल्याचे नमूद केले. मग साबणाने हात धुऊन बेगमसाहेबांनी कातडीचे पदर एकामागून एक कोरिले. त्यांच्या स्वतःच्या छातीतील राजधानी त्या समयी मिनिटास बहात्तरांवर राहिली नव्हती. पाचव्या पदराखालून पू निघाला, आणि पुवामागून काळा लोखंडी तुकडा. नाल ठोकल्यावर खिळ्याचे जे टोक कापून टाकितात, ते. खाजा मियांच्या हातचेच.

ते अब्बांनी तळहातावर घेऊन उलटसुलट करून पाहिले. मग त्यांनी हुकूम केला तो एवढाच की, सळई विझवावी.

दुसरे दिवशी बेगमसाहेबांनी त्यांस सरकारी दवाखान्यात नेऊन जखम बांधविली, आणि घरी रोज दोन वेळ मिठाच्या ऊन पाण्यात पाय ठेवविला. तिसरे दिवशी ताप उतरला. तांबडी रेघ मांडीवरून गुडघ्यास, गुडघ्यावरून घोट्यास हटली आणि नाहीशी जाहली. गाठ सुपारीची हरभरा जाहली आणि मग हातास लागेना. आठवे दिवशी नायकांची जोडी नाल ठोकून तांड्यास रवाना जाहली.

एवढ्यावर मोहीम संपावी, परंतु संपली नाही. कारण नवव्या दिवसापासून आळीतील बाया मागल्या दाराने येऊ लागल्या. एकीच्या काखेत गाठ होती, दोन वर्षे जुनी. एकीचे लेकरू श्वास घेताना बरगड्या आत ओढीत होते. आजवर कोणास विचारिले, ऐसे बेगमसाहेबांनी पुसता, काखेवाली म्हणाली, "कोणाला इचारावं, माय? दवाखान्यात सगळे बाप्येच." लेकरास बेगमसाहेबांनी त्याच पावली दवाखान्यात धाडिले, आणि काखेवालीस आपण सोबत येण्याचा शब्द दिला. बाकी सवालांपैकी बहुतेकांस त्यांजपाशी जवाब नव्हता. हे त्यांस टाचेहून जास्त ठणकले.

येणेप्रमाणे टाच फत्ते जाहली, चौकी कायम राहिली, मुलूख आबाद जाहला. आणि जुम्म्याच्या दिवशी, जेवणे आटोपल्यावर, अजरा बेगमसाहेबांनी वालिद व वालिदा या उभयतांस समोर बसवून फर्मान ऐकविले ते ऐसे:

"अब्बा, अम्मी, सातवी झाली की मी हैदराबादेला दवाखान्याचं काम शिकायला जाणार. इचारून न्हाई राहिले. सांगून राहिले."