वैनगंगेच्या लाटांबाबत दक्षता

सन १९८४च्या उन्हाळ्यात शासनाच्या असं ध्यानात आलं, की समुद्रकिनारी काही माणसं फळीवर उभी राहून लाटांवर स्वार होतात आणि अधूनमधून आपटतात. ताबडतोब राज्यभर हुकूम सुटला : प्रत्येक तालुक्यानं आपल्या लोकप्रिय वाळूच्या किनाऱ्यावर लाल झेंडा लावावा, आणि लाटा ओसरल्याची खात्री होईपर्यंत कोणाला वाळूत उतरू देऊ नये. आता ब्रह्मपुरीकडे समुद्र नाही, यात शासनाचा काय दोष? वैनगंगेची वाळू तर होती!

त्याच वाळूत मनकर्णाबाईची डांगरवाडी होती. नदी आटली की पात्रात टरबुजं लावायची, रोज घागरीनं पाणी घालायचं आणि त्या मालावर वर्ष काढायचं, हा तिच्या घरचा पिढीजात धंदा. एका सकाळी ती घागर घेऊन आली तर समोर आडवा दोर, दोराला लाल झेंडा आणि झेंड्याखाली होमगार्ड मुखरू.

"बाई, मांगं सरक. लाटा हायेत."

"कुठी हायेत रे मेल्या? पानी तं घोट्याएवढं हाये!"

"मले काय मालूम? वरून आल्या."

मनकर्णा तडक नायब तहसीलदारांकडे गेली. साहेब सज्जन होते, तिथंच घात झाला. ते म्हणाले, "बाई, लाटा ओसरल्या असं मी आनंदानं लिहीन. पण ओसरायला आधी उसळायला नकोत? न पाहिलेलं मी लिहीत नाही."

"मंग उसळल्या तं वाडी मोकळी करान?"

"तत्क्षणी."

बाई पेटली. दुसऱ्या दिवशी साहेब काठावर येऊन उभे राहताच तिनं गावच्या झाडून साऱ्या म्हशी काठाजवळच्या डोहात हाकलल्या. असं पाणी उडालं की साहेबांची पँट गुडघ्यापर्यंत भिजली! साहेब गंभीर झाले. "अरे बाप रे! एवढा धोका, आणि आम्ही एका होमगार्डवर भागवत होतो?" होमगार्ड वाढले, आणि बंदी पावसाळा संपेपर्यंत लांबली.

"साहेब, त्या म्हशी होत्या हो!" मनकर्णा रडकुंडीला आली.

"त्यांचाही विचार केलाय. त्यांनाही बंदी."

बातमी फुटली तशी ब्रह्मपुरीहून जीपा भरभरून माणसं लाटा पाहायला येऊ लागली. मास्तर, वकील, सगळे सहकुटुंब. दोरामागं उभं राहायचं, डोळ्यांवर हात धरायचा आणि म्हणायचं, "आज जरा कमीच आहेत." आपल्याला काही दिसत नाही असं बोलायची एकाचीही छाती झाली नाही, शेजारच्याला दिसत होत्या ना! मनकर्णा "पानी हालून नाई राह्यलं" असं ओरडून ओरडून थकली. दोरापलीकडे तिचे वेल करपत होते.

ऊन मी म्हणत होतं. एका चष्मेवाल्या गृहस्थांनी विचारलं, "बाई, टरबूज मिळेल का एखादं?"

तिनं वाळलेल्या वेलांकडे बोट केलं. "पानी द्याले उतरू नाई देलं. सारी वाडी गेली माही."

गृहस्थ मनापासून हळहळले. त्यांनी एकवार वेलांकडे पाहिलं, एकवार झेंड्याकडे पाहिलं. "थोडक्यात वाचलीस, बाई. उतरली असतीस तर लाटेनं नेलंच असतं तुला."

सगळ्या शिकल्यासवरल्या माणसांनी माना डोलावल्या. आता उगाच इकडेतिकडे पाहू नका. तुम्हीही होतात त्यांत.