साहेब घरी, इथं मी बाई

निर्मलाबाईंच्या तासाला मागच्या बाकावर हमखास एखादा उपरणंवाला बसलेला असायचा. मी शिक्षक आहे त्याच शाळेत बाई गणित शिकवतात, आणि त्यांचे यजमान बापूसाहेब तेव्हा आमदार होते. बंगल्यावर साहेब भेटले नाहीत की लोक अर्ज घेऊन थेट बाईंच्या वर्गात शिरत. बाई म्हणत, "साहेब घरी. इथं मी बाई. तास संपेस्तोवर बसा मागं." वैजापूरहून शेतावरची विजेची डीपी जळाल्याची तक्रार घेऊन आलेले एक आजोबा असेच शेकडेवारीत सापडले. बाईंनी त्यांनाही उत्तर विचारलं. आजोबा उभे राहिले, टोपी सारखी केली आणि म्हणाले, "बाई, उत्तर साहेब म्हनतील ते."

लग्न झालं तेव्हा बापूसाहेब मोंढ्यात अडतीच्या दुकानावर बसत आणि बाई नुकत्याच डी.एड. होऊन नोकरीला लागल्या होत्या. ते निवडून आले आणि बाईंना शाळेत यायची लाज वाटू लागली. त्यांची स्कूटी कुणीतरी परस्पर पुसून ठेवी. स्नेहसंमेलनात मुख्याध्यापक त्यांना व्यासपीठावर बोलवत, तर बाई पाचवीच्या मुलींत सतरंजीवर बसत. मग मुख्याध्यापकांना वर बसवेना. ते खाली आले की त्यांच्यामागे आम्ही सगळे. एका वर्षी व्यासपीठावर नुसती समई उरली. बाईंना रडू फुटायचंच बाकी होतं.

एकदा तपासणीला आलेले अधिकारी त्यांच्या वर्गात जेमतेम पाच मिनिटं बसले, 'उत्कृष्ट' असा शेरा दिला आणि जाता जाता स्वतःच्या सिल्लोडहून शहरात बदलीचं हळूच बोलले. त्या दिवशी बाईंनी डबा उघडला नाही.

"सर, खरं सांगा," त्या मला म्हणाल्या, "मला शिकवता येतं का हो?"

"बाई, तुमच्यासारखं गणित अख्ख्या जिल्ह्यात कुणी शिकवत नाही!" मी म्हणालो. मी त्यांचा एकही तास ऐकला नव्हता. पण आमदारांच्या घरी वाईट बातमी कोण पोचवणार?

गेल्या निवडणुकीत बापूसाहेब पडले. अर्ज थांबले, स्कूटीवर धूळ बसू लागली, आणि बाई चक्क खुशीत दिसायला लागल्या. अशातच मधल्या सुट्टीत एका मुलीची आई आली. वाळूजला कंपनीत कामाला जाणारी. बाईंच्या टेबलासमोर उभी राहून म्हणाली, "बाई, राग नका मानू. तुम्ही लई घाईनं शिकवता. माझ्या पोरीला काहीच समजत नाय."

शिक्षकखोलीत सगळ्यांचे घास तोंडातच राहिले. बाईंनी तिला खुर्ची दिली. "थोरलीलाही मीच होते ना गणिताला?"

"व्हय. तिला बी नव्हतं समजत. पण तवा तुम्हाला कसं बोलावं?"

"कुठं असते ती आता?"

"दहावीला गणितातच गेली. मग शाळा सुटली. माझ्यासंगं कंपनीत येती."

बाईंनी डबा बाजूला सारला. मग विचारलं, "रविवारी सुट्टी असते का तिला? मी येते घरी."

आई गडबडली. "तुम्ही कशाला, बाई? तिलाच धाडते की तुमच्याकडं."

"नको," बाई म्हणाल्या, "माफी मागायला मलाच यायला पाहिजे."

आम्हा कुणालाच वर बघवलं नाही.