खलनायकाची खोड

बसूअण्णा मगदूम माझ्या दुकानात पहिल्यांदा आला तो चष्मा करायला. मी त्याच्या नाकावर एक फ्रेम चढवली आणि "फार शोभते हो तुम्हाला," असं म्हणालो. त्यानं आरशात पाहिलंच नाही. माझ्याकडे बघत म्हणाला, "पावणं, तुमी खोटं बोलताना डावा कान वढताय. कधीपास्नं?"

दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती. दोघंही माझ्या कानाकडे बघायला लागली. त्या दिवसानंतर वर्षभर तरी मी गिऱ्हाइकाशी बोलताना दोन्ही हात काउंटरवर ठेवत होतो.

ही दोन हजार सालाच्या आगेमागची गोष्ट. राजारामपुरीत माझं चष्म्याचं दुकान होतं आणि वर एक पोटमाळा होता. रविवारी दुपारी दुकान बंद झालं की तिथं आम्ही एक खेळ खेळायचो. माझा मित्र अजित शिरोलीला फौंड्रीत होता. पुण्याला शिकत असताना कुणाकडून तरी तो या खेळाच्या नियमांच्या झेरॉक्स आणि कसलेकसले बहुकोनी फासे घेऊन आला होता. खेळ सोपा. एकानं गोष्ट चालवायची. जंगल, किल्ला, वादळ, दुष्ट राजा, सगळं त्यानंच व्हायचं. बाकीच्यांनी एकेक वीर घ्यायचा आणि "मी दार ढकलतो," "मी झाडावर चढतो," असं सांगत जायचं. जमलं की नाही ते फासा ठरवणार. अजित गोष्ट चालवायचा. मी आणि त्याची बायको वैशाली असे दोघं वीर.

बसूअण्णा चष्मा न्यायला आला तो नेमका रविवारी. वरचा आवाज ऐकून जिना चढला आणि पायरीवरच उभा राहिला. अजितचा दुष्ट राजा तेव्हा गर्जत होता, "मूर्खांनो, मी तुमचा सर्वनाश करीन!"

"ह्यो राजा बोलतोय का नोटीस वाचतोय?" बसूअण्णा म्हणाला. "ह्याची खोड काय?"

"कसली खोड?" अजितनं विचारलं.

"खोड न्हाय? मग मानूस कसला! तलवार मागनं द्या हो. आदी खोड द्या."

पुढच्या रविवारपासून गोष्ट तो चालवायला लागला. अजितला वीर व्हावं लागलं आणि खरं सांगायचं तर त्याची सुटका झाली.

बसूअण्णा पशुखाद्य विकायचा. स्कूटरवरून गावोगावच्या डेअऱ्या फिरायचा. वय पस्तिशीच्या पुढं, लग्न नाही, आई जाऊन बरीच वर्षं झालेली, घरात तो आणि वडील. अंगानं काटक, आणि त्याला एका जागी बसता येत नसे. चहासुद्धा चालत प्यायचा. आमच्या पोटमाळ्यात पाच पावलं टाकली की भिंत यायची, मग वळायचं, पुन्हा पाच पावलं. आम्ही खाली बसून माना फिरवत त्याचं ऐकायचो. संध्याकाळी वैशालीची मान धरायची.

गावोगाव फिरताना तो पेंडीच्या पोत्यांबरोबर माणसांच्या खोडी गोळा करायचा. हातकणंगल्याच्या बाजूला त्याला एक सद्गृहस्थ भेटले. ते कुठल्याही गोष्टीला नकार देण्याआधी समोरच्याच्या आईची तब्येत विचारत. झालं, पुढच्या रविवारी आमच्यासमोर एक सरदार उभा राहिला. मऊ आवाजात म्हणाला, "या, या. आई बऱ्या हाईत न्हवं?" अजितच्या वीरानं "हो, बऱ्या आहेत," म्हटलं आणि त्याच्या पायाखालचं तळघराचं झाकण उघडलं. तिसऱ्या रविवारपर्यंत अशी दहशत बसली की सरदारानं "आई..." म्हटल्याबरोबर वैशाली ओरडायची, "पळा!"

बिद्रीत चहाच्या टपरीवर एक म्हातारा होता. प्रत्येक वाक्याच्या शेवटी तो म्हणायचा, "असं मी न्हाय म्हनत." बसूअण्णा वाकडी वाट करून तीनदा त्या टपरीवर गेला. तिसऱ्यांदा म्हाताऱ्यानं विचारलं, "काय बगतंय रं माज्याकडं?"

"तुमचं बोलनं ऐकतोय आज्जा."

"कशापायी?"

"एक दुष्ट मानूस करायचा हाय. त्याला तुमचं बोलनं देतो."

म्हाताऱ्यानं छत्री उगारली आणि हाणली. बसूअण्णा पाठ चोळत माझ्या दुकानात आला तो आनंदानं फुललेला. "मुठीकडनं मारलं हो! टोकाकडनं न्हाय. रागात असून मानसानं छत्री उलटी केली. आतनं मऊ हाय म्हातारं." त्या रविवारी एक जादूगार आम्हाला म्हणाला, "उद्या सकाळी तुमचं गाव पान्यात बुडंल. असं मी न्हाय म्हनत." आणि बुडवलं.

त्याचे नियम होते. खोड एकच द्यायची. "दोन दिल्या की मानूस सर्कशीतला हुतोय." आणि खोडीमागं कारण पाहिजे, ते आपल्याला ठाऊक पाहिजे, दुसऱ्याला सांगायचं नाही. ही कारणं शोधताना तो हैराण व्हायचा. मी गिऱ्हाइकाचे डोळे तपासत असताना दुकानातला फोन खणखणायचा. मलकापुरातल्या एसटीडी बूथमधून बसूअण्णा. "चष्मेवाले, एक सांगा. मानूस हसताना तोंडावर हात का धरतोय?"

"दात पडले असतील."

"छ्या!" फोन बंद. पंधरा मिनिटांनी पुन्हा फोन. "ल्हानपनी हसल्यावर मार खाल्ला आसंल. व्हय का न्हाय?" गिऱ्हाईक बिचारं भिंतीवरची अक्षरं पाठ करून बसलेलं.

एकदा मुलगी बघायला गेला. मुलीचे मामा घसा खाकरल्याशिवाय मुलीचं वय, शिक्षण काहीच सांगेनात. घरी निघताना बसूअण्णानं दारात नमस्कार केला आणि निरोप घेण्याआधी हुबेहूब तसाच खाकरला. "माज्या ध्यानातबी न्हाय आलं हो," तो मला म्हणाला. तिकडनं नकार आला. मामा मात्र आमच्या खेळात राक्षस झाले आणि बरेच महिने टिकले.

मग एका पावसाळ्यात बसूअण्णा यायचाच बंद झाला. रविवार गेले, फोन नाही. एके दिवशी सकाळी दुकानात आला, काउंटरसमोर येरझाऱ्या घालायला लागला. दाढी वाढलेली.

"अप्पांना झटका आला. उजवी बाजू गेली. वाचा गेली."

त्याचे अप्पा गुळाच्या सौद्यात बोली पुकारत उभं आयुष्य ओरडलेले. त्यांचा आवाज बाजाराच्या या टोकाकडून त्या टोकाला जायचा म्हणत.

"काहीच बोलत नाहीत?" मी विचारलं.

"एकच शब्द ऱ्हायलाय. 'व्हय.' जेवला? व्हय. उपाशी हाय? व्हय. डागदरनं विचारलं, दुखतंय? व्हय. बरं वाटतंय? व्हय. मान्सं भेटाय आली, दोन परश्न विचारले आनि उठून गेली. आता कोन येत न्हाय." तो दारापर्यंत गेला, परत आला. "चष्मेवाले, रविवारचा खेळ माज्या घरात ठेवूया का? कामाच्या दिसात शेजारी बगत्यात, रविवारी मला घर सोडून येता येत न्हाय."

आम्ही गेलो. गंगावेशीजवळ दोन खोल्यांचं घर. खिडकीपाशी खुर्चीत अप्पा बसलेले, उजवा हात मांडीवर टाकलेला, डोळे मात्र लख्ख. आम्ही चटईवर बसलो. बसूअण्णानं गोष्ट सुरू केली, पण ती पुढं सरकेना. तो दर दोन वाक्यांनी उठायचा, अप्पांची लाळ पुसायचा, आत जाऊन दूध बघायचा. नदीवर एक पूल होता आणि पुलावर एक सरदार होता, पण या सरदाराला खोडच नव्हती. असं पहिल्यांदाच झालं होतं.

वैशालीनं आपलं विचारलं, "सरदार, आम्हाला पलीकडं सोडणार का?"

बसूअण्णा खोलीच्या मध्यावर थांबला. आणि खुर्चीतून आवाज आला, "व्हय."

अजित हळूच म्हणाला, "एवढ्या सहज सोडतोय? काहीतरी डाव आहे."

वैशाली खुर्चीकडे वळली. "पूल मोडका आहे का?"

"व्हय."

"मग आम्हाला जा म्हणताय?"

अप्पांनी तिच्याकडे रोखून पाहिलं. मग अगदी खाली सूर लावून म्हणाले, "व्हय..."

अजितनं माघार घेतली. आम्ही तीन वीर त्या पुलावर पाय ठेवायला तयार होईनात. अप्पांच्या तोंडाची डावी बाजू हसायला लागली, उजवी तशीच राहिली, आणि घशातून एक घरघर निघाली. बसूअण्णा बापाकडे बघतच राहिला.

त्यानंतरचे सगळे रविवार सरदार अप्पाच. असा खलनायक आम्ही पाहिला नव्हता. विनवणी करा, धमकी द्या, तो होच म्हणायचा, आणि त्या होकारानं अंगावर काटा यायचा. त्या होकाराचा अर्थ बसूअण्णा आम्हाला सांगायचा. "ह्ये 'व्हय' म्हंजे तुमाला सोडलं. ह्ये 'व्हय' म्हंजे मेला तुमी." तो मनानंच सांगतो असं आम्ही धरून चाललो होतो.

एका रविवारी खेळ ऐन रंगात असताना दारात अप्पांची धाकटी बहीण उभी. निपाणीकडनं आली होती. धिप्पाड बाई, हातात पिशवी. चटईवरचे फासे, आम्ही तीन घोडे आणि खुर्चीतला सरदार हे तिनं नीट बघून घेतलं.

"बसू, आजारी बापाचा राकुस केलास व्हय रं?"

"आत्ती, तसं न्हवं..."

"गप. घरात बाईमानूस न्हाय, तू दिवसभर गावं हिंडतोस. दादाला मी घिऊन जाते. माज्या घरात सुना हाईत, मान्सं हाईत." ती खुर्चीसमोर वाकली. "दादा, येतोस न्हवं माज्यासंगट?"

"व्हय," अप्पा म्हणाले.

"ऐकलंस?" आत्ती सरळ झाली. "काढ त्याची धोतरं."

बसूअण्णा धोतरं काढायला गेला नाही. तो दारापर्यंत गेला, परत आला, पुन्हा गेला. "आत्ती, ते 'व्हय' न्हवं. ते 'न्हाय' हाय."

"तुजा बाप व्हय म्हनतोय आनि तू न्हाय ऐकतोस?"

"त्येंचा हात बग. डावा. मनातनं न्हाय म्हनायचं आसलं की अंगठा आत मुडपत्यात. व्हय आसलं की मोकळा ऱ्हातोय. विचारून बग तू."

आत्तीला ते पटलं नाही. पण तिनं विचारलं. "दादा, मी तुजी भैन न्हवं?"

"व्हय." अंगठा मोकळा.

"मी लई वाईट हाय?"

"व्हय." अंगठा तळहातात गेला.

आत्तीनं पदर सावरला. तिचा आवाज उतरला होता. "हितंच ऱ्हायाचं हाय तुला? बसूपाशी?"

"व्हय." अंगठा मोकळा, आणि तो हात खुर्चीच्या दांड्यावरून उचलून बसूअण्णाच्या दिशेनं गेला.

आत्ती मटकन चटईवर बसली, आमच्या फाशांवरच. आम्ही कुठं बघावं ते न कळून एकमेकांकडे बघत होतो. मग ती म्हणाली, "तुला कवा कळलं रं ह्ये?"

"दवाखान्यातनं आनल्यावर." बसूअण्णा भिंतीला टेकला. "मी इचारलं, अप्पा, मी लगीन केलं न्हाय, नातवंडं न्हाईत, माज्यावर राग हाय का? व्हय म्हनाले. दोन दिवस माज्या घशाखाली घास उतरला न्हाय. मग तेच परत परत इचारत बसलो. इचारता इचारता अंगठा दिसला."

आत्ती डोळे पुसून उठली, चपला पायात घातल्या, पिशवी उचलली. "येते दादा. पाचची गाडी गावंल. जाऊ न्हवं?"

"व्हय," अप्पा म्हणाले.

आम्ही सगळ्यांनी अंगठ्याकडे पाहिलं. आत्तीनंही पाहिलं. तो घट्ट मुडपलेला होता.

तिनं पिशवी खाली ठेवली, चपला काढल्या, पदर कमरेला खोचला.

"बसू," ती म्हणाली, "तांदूळ कुटं ठेवलास?"