चहाबंदीची मोहीम, अथवा निकिताबाईंचा निबंध वानरासह बंगळुरास रवाना जाहला त्याची हकीकत

"नवस बोलली तं पाळ, इंदे. देवासंग बाजारातल्यावानी घासाघीस करू नोको." ऐसी आज्ञा वैकुंठवासी मातोश्री मथुराबाईंनी चुलीपुढे शेंगा सोलता सोलता केली होती, आणि ती इंदूबाईसाहेबांनी पदराच्या गाठीस बांधून आजतागायत जतन केली. त्या आज्ञेमुळे जो रणप्रसंग वणी मुक्कामी गुदरला, तो गजाननाचे स्मरण करून, पदरचे काही न घालता, येथे लिहिला आहे. वाचणाऱ्याने हातातला चहा आधी संपवावा आणि मग वाचावे, कारण पुढे चहाचे वर्तमान बहुत कठीण आहे.

शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसू नाम संवत्सरी, मार्गशीर्ष मासी, कापसाची वेचणी चालू असता, राजश्री पुंडलिकराव व इंदूबाईसाहेब यांची कन्या चिरंजीव निकिताबाई हिने बंगळूर प्रांतीच्या एका विद्यापीठात दाखल होण्याचा मनसुबा केला. त्या विद्यापीठाचा दस्तूर निराळा. नुसती मार्कांची फौज दाखवून तेथे भागत नाही, तर उमेदवाराने आपण कोण आणि कैसे घडलो हे साडेसहाशे शब्दांत लिहून रविवारी दिवेलागणीच्या आत कंप्युटरमार्गे हुजुरात रुजू करावे, ऐसे फर्मान आले. निकिताबाईने एका बैठकीत निबंध सिद्ध केला. मजकूर ऐसा की, मोबाईल तालुक्यात पाऊस सांगे आणि यांचे वावर कोरडे राही, म्हणून तिने घराच्या स्लॅबवर बाटली कापून पाऊस मोजण्याचे यंत्र मांडले, आणि एक बांड्या शेपटीचे वानर येऊन ते नित्य पळवू लागले, मग तिने पावसाचा नाद सोडून वानरावर पाळत ठेविली, आणि वानर आले की ढग येतात ऐसा सिद्धांत काढिला, आणि तो सिद्धांत साफ खोटा ठरला, आणि खोटा ठरला तेव्हा तिला पहिला नंबर आल्यापेक्षा जास्त आनंद जाहला. मजकूर लहान, परंतु पोर त्यात अवघी उतरली होती. इंदूबाईसाहेबांनी ऐकला आणि पदर तोंडाला लावून हसल्या.

येथवर सर्व क्षेम होते. मग पुंडलिकरावांनी जिनिंगवर कापसाची गाडी रिकामी होईतो चार लोकांत सहज सांगितले की, "पोरगी आपल्या घरान्याचं लिवून राह्यली." हे शब्द सुटले आणि संध्याकाळच्या आत राजुरास व झरीस पोचले.

दुसरे दिवशी राजुराहून थोरले बंधू उद्धवराव, कोळशाच्या ट्रकांचे मालक, बुलेटवर स्वार होऊन खासा दाखल जाहले. पुतण्या बंटीच्या लग्नपत्रिकेत त्यांचे नाव दुसऱ्या ओळीत पडले होते, तो सल त्यांच्या काळजात अद्याप ताजा होता. चष्मा लावून निबंध वाचला, उलटून पाहिला, आणि गरजले, "वानराचं नाव हाय, अन् माहं नाही?"

पुंडलिकरावांनी अर्ज केला, "भाऊ, वानराचं नाव कुठं हाय? नुसतं वानर लिवलं हाय."

"मंग मीबी नुसता मोठा भाऊ म्हनून चाललो असतो!"

इतक्यात झरीहून इंदूबाईसाहेबांच्या नणंदबाई बसंतीबाई तुरीच्या शेंगांची थैली घेऊन उतरल्या, आणि निकिताबाईस तान्हेपणी हगवण लागली असता रात्रभर कोणी सांभाळिले हे निबंधाच्या आरंभीच यावे, ऐसा दावा त्यांनी दारातच दाखल केला. मग मसलत बैसली आणि पुंडलिकरावांचा हुकूम सुटला की, घराण्यातील कोणी नाराज होऊ नये. तेणेकरून निबंधाची लग्नपत्रिका जाहली. वर कुलदैवताची कृपा आली, खाली कैलासवासी मंडळी आली, मग श्री. आले, सौ. आल्या, मामेकुळी आली, आणि हगवणही आली. जागा करण्यासाठी वानरास हद्दपार केले.

निकिताबाईने ते वाचले, रडली नाही, आणि स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, ह्यात सगळे हायेत. मीच नाही. मले नाही पाठवाचं हे. नाही गेली बंगळूरले तरी चालन."

इंदूबाईसाहेबांचा आवाज ऐसा की कुकरच्या शिट्टीपुढे कधी गेला नाही. सोमवार महादेवाचा, शनिवार मारोतीचा, चतुर्थी गणपतीची, ऐसे नेम चालवीत असता तो आवाज वाढवण्याची गरजही पडली नव्हती. थोरल्या दिरांशी वाद करणे त्यांस ठाऊक नव्हते. गुरुवार होता. महालक्ष्मीचा घट मांडून त्यांनी हात जोडिले आणि इतक्या हळू बोलल्या की देवीसही कान पुढे करावा लागला असेल: "पोरीनं लिवलेलं, पोरीचंच, जाईपर्यंत मी चहा घेत नाही, अन् हातानं करतबी नाही."

हा नवस कळताच घरावर आकाश कोसळले. चहा दुसऱ्याने करावा म्हटले तर साखर कोठे असते हे तीस वर्षांत पुंडलिकरावांनी कोणास विचारले नव्हते, आणि भावाच्या घरी पाहुणी आलेली नणंद गॅसपाशी उभी राहील तर नणंदपणाची इभ्रत काय राहिली! निकिताबाई तर आईच्या गोटातली, आणि हाटेलात जावे तर घरी चहा मिळत नाही ही बोंब चार गावी पोचावी. शुक्रवारी सकाळी उद्धवरावांसमोर कोमट पाणी आले.

"पानीच का वं, इंदूबाई?"

"हो, मोठे भाऊ. अजून देऊ?"

दुपारपर्यंत तमाम फौजेची डोकी धरली. बसंतीबाईंनी कपाळास सुंठ लाविली. पुंडलिकराव मागल्या दाराने निसटून रहमतमियांच्या गॅरेजात गेले, परंतु नवसाची बातमी त्यांच्या आधी पोचली होती. रहमतमियांनी थर्मासास बूच लाविले आणि म्हणाले, "ना भाऊ. भाभीनं जबान देली हाय. तो नवस माह्या गॅरेजात तुटला तं मले जिंदगीत एक पंक्चर सापडनार नाही." पुंडलिकराव बाभळीच्या सावलीत उगाच उभे राहून परत आले.

शनिवार कैसा काढिला तो काढणारांस ठाऊक. रविवारी दोन प्रहरी उद्धवराव कपाळ दाबून उठले, कंप्युटरपाशी गेले, आणि शरणचिठ्ठी तोंडीच दिली: "काढ पोरी, माहं नाव काढ. तुह्या वानराले बसव तिथं. पन चहा ठेवाले लावा कोनी!"

बसंतीबाईंनी तहाची कलमे घातली. "माहं नाव राहू दे, आडनाव काढ." निकिताबाईने आडनाव पुसले आणि बोट नावापाशी आणून ठेविले. "बरं, नावबी काढ. हगवन तेवढी राहू दे." शेवटी हगवणही गेली. थोरले गेले तेव्हा कैलासवासीही मुकाट्याने गेले, आणि बांड्या शेपटीचे वानर मानाने आपल्या ठिकाणी येऊन बैसले. पाठवण्याचे वेळी नेट बसले. तेव्हा थोरले उद्धवराव मोबाईल घेऊन स्लॅबवर चढले, जेथे पूर्वी वानर बसे नेमके तेथे उभे राहिले, आणि हात आभाळाकडे करून निबंध जाईतो हलले नाहीत.

येणेप्रमाणे रविवारी सूर्यास्ताचे आत, वणी मुक्कामी, एकही नातलग न गमावता आणि एकही नातलग आत न घेता, निबंध बंगळुरास रवाना जाहला व फत्ते जाहली. गवती चहा व आले घालून पातेले चढले. तमाम सरदारांनी बशा भरिल्या. इंदूबाईसाहेबांनी सर्वांचे झाल्यावर आपली बशी उचलिली, वास ओठांपर्यंत आला.

इतक्यात निकिताबाई पडद्याकडे पाहून म्हणाली, "अजून दोन लहाने निबंध हायेत. पूरक म्हनते त्यायले. पुढच्या रविवारपर्यंत. एकात लिवाचं की आमच्याच इथं काहून याचं, अन् दुसऱ्यात... आपल्या मानसायबद्दल."

उद्धवरावांची बशी वाटेतच थांबली. "म्हंजे ह्यात आमी बसतो!" बसंतीबाईंनी पदर सावरिला. पुंडलिकरावांनी बायकोकडे पाहिले आणि घाईने म्हणाले, "लहाने हायेत वं ते. नवसात नाही मोजत. तू घे चहा."

इंदूबाईसाहेबांस मातोश्रींचे शेंगा सोलणारे दोन हात दिसले असावेत. बशीतला चहा त्यांनी कपात ओतिला, कप धन्यापुढे ठेविला, पत्तीचा डबा देव्हाऱ्यामागच्या उंच फळीवर सरकविला, आणि दिव्याचे तेल घेऊन, चप्पल न वाजविता, मारोतीच्या देवळाकडे चालू लागल्या.