अखंड दमयंती

"सायकल येते ना नक्की?" यज्ञेश्वरमामांनी पुन्हा एकदा विचारलं.

"अहो मामा, राजूरच्या चढावर चालवते मी! तुमचं नगर तर पोळपाटासारखं सपाट!" असं म्हणत दमयंती घरासमोरच्या ओट्यावर पाय देऊन मामांच्या उंच, काळ्या सायकलवर चढलीसुद्धा.

"मग ऐक. एकटी जायचं, एकटी यायचं, गवगवा नको. उद्या तुझे बाबा न्यायला येतायत. पुढची शाळा इथं राहून करायचीय ना? आज नीट परत आलीस, तर सांगतो त्यांना, पोरगी शहरात निभावेल म्हणून."

शेवटचं वाक्य दमयंतीनं कोपऱ्यावर पोचून ऐकलं. अख्खं नगर आणि हँडल तिच्या हातात! किल्ल्याचा खंदक झाला, माळीवाड्याची वेस झाली, कापडबाजारातली रंगीत लुगडी सर्रकन मागे गेली. राजुरात ती 'मास्तरांची दमी' होती. इथं तिला कुणी ओळखत नव्हतं, म्हणून ती सगळ्यांनाच घंटी वाजवत होती.

पुढच्या चौकात उसाचं गुऱ्हाळ दिसलं. रस प्यावा म्हणून तिनं ब्रेककडे बोटं नेली आणि तशीच मागे घेतली.

राजुरात ती मारुतीच्या पारावरून सायकलवर चढायची आणि पारापाशीच उतरायची. पाराशिवाय ती जन्मात कधी उतरली नव्हती! आणि या सायकलवरून पाय जमिनीच्या वीतभर वर लोंबत होते.

तिनं पायऱ्या हेरल्या. एका दुकानाच्या पायरीवर गाय बसलेली. दुसरीवर चपलांचा ढीग, तिसरीवर गिऱ्हाइकं. आता उरला दिल्ली दरवाज्याजवळचा मामांचा ओटा. पण तो कुठल्या गल्लीत?

"ओ काका, दिल्ली दरवाजा कुठंय?" तिनं पानवाल्या रंगनाथला विचारलं.

"हितनं सरळ जायचं, मंग..."

तोवर ती पुढे गेली. चौकाला वळसा घालून परत आली. "मग काय, काका?"

"मंग डाव्या हाताला..."

पुन्हा वळसा. "डाव्या हाताला काय?"

"आगं, उतर की पोरी, सांगतो नीट!"

तेवढंच तर जमत नव्हतं.

फुलवाली झुंबरबाई मघापासून या फेऱ्या बघत होती. तिनं एकदम कपाळावर हात मारला. "आगं बया! ही अखंड सायकल हाय! गेल्या म्हैन्यात त्यो गडी न्हाई का आल्ता? जेवन, आंगूळ, समदं सायकलीवरच! आता पोरी बी करायला लागल्या!"

झालं! चौक भरला. कुणी धावत येऊन केळं दिलं, कुठून तरी ताशा आला, झुंबरबाईनं हार घातला.

"मावशी, मला उतरायचंय हो!"

"वाटतंच गं उतरावं! पन पाय टेकू नको. बायकांचं नाव राख!"

खरं सांगायचं तर, गळ्यात हार पडल्यावर दमयंतीलाही उतरायची तेवढी घाई राहिली नाही. तिनं एक हात सोडून नमस्कारसुद्धा केला.

इतक्यात भाजीची पिशवी घेऊन, कोट-टोपीतला एक सभ्य गृहस्थ गर्दीत शिरला. लोकांनी त्यालाच पुढे ढकललं. "घाला सायब, तुमच्या हातनं एक हार!"

गृहस्थानं हार घातला आणि मग तोंड पाहिलं.

"दमे!"

"मामा, मला उतरता येत नाही!"

मामांनी सायकल धरायला हात पुढे केला, तसा गलका उठला, "हात न्हाई लावायचा सायब! नेम मोडंल!"

मामांनी हात मागे घेतला. मग पिशवी काखोटीला मारून धावत सुटले. "माझ्यामागून ये! ओट्यावर उतर!"

पुढे मामा, मागे दमयंती, तिच्यामागे ताशा आणि सगळा चौक, अशी मिरवणूक दारात आली. दमयंतीनं ओट्यावर ऐटीत पाय टेकला. टाळ्यांचा कडकडाट झाला. "भुईला पाय न लावता आपल्या नगरच्या ओट्याव उतरली!" असं म्हणत लोक खुशीत पांगले.

गवगवा नको, म्हणाले होते मामा. आता बाबांना काय सांगणार ते? दमयंतीचा चेहरा एवढासा झाला. विषय बदलावा म्हणून ती म्हणाली, "पण मामा, ओट्याचं तुम्हाला बरं चटकन सुचलं!"

मामांनी घाम पुसला. मामी स्वयंपाकघरात आहे ना, हे आधी वाकून बघितलं.

"हळू बोल. मी तरी दुसरं कुठं उतरतो? एक हा ओटा, नाहीतर कचेरीची पायरी."

दमयंतीनं हसू दाबायला पदराच्या जागी हारच तोंडात कोंबला.

"मग बाबांना काय सांगायचं?"

"काय म्हणजे? पोरगी शहरात निभावेल." मामांनी टोपी नीट केली. "मी नाही का निभावलो?"